मंगळवारची तार

तार मला मंगळवारी सकाळी साडेदहाला मिळाली. शुक्रवारी नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळीसच्या वर वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकतो. बाकीचं सावकाश सांगतो.

सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा जिथे सुरू होतो, तिथे कृष्णेकाठी आमचं गाव आहे. चहूकडे ऊस, आणि घरटी एक माणूस पलटणीत. मीही होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझी पहिली बायको मी नोकरीत असताना गेली. पुढे दुसरं लग्न झालं, दोन मुलं झाली. दुसरी बायकोही सहा वर्षांपूर्वी गेली. मोठा मुलगा शिरवळला कंपनीत आहे, धाकटा शेती बघतो. सांगतोय ते पहिल्या बायकोबद्दल आहे आणि गावच्या पोस्टमनबद्दल. पोस्टमनही आता नाही.

हे आत्ता लिहायचं कारण एक पिक्चर आहे. गावोगावच्या थिएटरात लागतो तसला नव्हे. महोत्सवात, कॉलेजात, शंभर-दीडशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये दाखवतात तसला. सांगलीच्या एका मुलीनं तो काढला. फौजी माणसांच्या बायका नवरा रजेवर येईपर्यंत काय करतात, यावर तिला काहीतरी करायचं होतं. म्हणून ती आमच्या भागात फिरत होती. कुणीतरी तिला माझं घर दाखवलं. ज्याची बायको गेली आणि ज्याला तार वेळेवर पोचली नाही तो म्हातारा, अशी माझी ओळख पंचक्रोशीत होती.

मुलगी तिशीची असेल. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की ती नवऱ्यापासून वेगळी झाली आहे. मी विचारलं नव्हतं.

"माझं माणूस जिवंत आहे, आजोबा," ती म्हणाली, "कोथरूडला राहतं. पण माझ्यापुरतं गेलेलंच आहे. गेलेल्या माणसाचं करायचं काय, ते मला कळत नाही. म्हणून पिक्चर करते."

"करून कळतंय का?"

"नाही. पण दिवस जातात."

हे मला पटलं. पलटणीत आम्ही कवायत करायचो तीही बरीचशी त्याचसाठी असायची.

तिनं मला तिच्या लॅपटॉपवर तसले चार-पाच पिक्चर दाखवले. कुठल्या कुठल्या देशांतले, एक आपल्या केरळचा. सगळ्यांत कोणीतरी सोडून गेलेलं असतं. मागे राहिलेलं माणूस खिडकीशी उभं राहतं, भांडी घासतं, दोन कप काढतं आणि एक परत ठेवतं. रडणं कुठे नाही. धाकटा मुलगा पाच मिनिटं बसला आणि उठून गेला. म्हणाला, यात काही होतच नाही. मी मात्र शेवटपर्यंत बघत होतो. पहाऱ्यावर रात्री काढलेल्या माणसाला असले पिक्चर समजायला जड जात नाहीत. एकाच जागेकडे बघत राहिलं की हळूहळू दिसायला लागतं.

मग तिनं वही उघडली आणि मी तिला माझी गोष्ट सांगितली. गावाला सांगितली होती तीच.

आधी खरी सांगतो.

त्या काळी रजा मिळवण्याची एक रीत होती. आमच्या भागातल्या प्रत्येक फौजीला ती ठाऊक होती. यात्रा असो, लग्न असो, उसाची तोड असो, घरून तार मागवायची. 'आई गंभीर, ताबडतोब या.' तार दाखवली की रजा मिळे. साहेबांनाही हे माहीत असे. आमच्या कंपनीचा क्लार्क सांगलीकडचाच होता. माझ्या दुसऱ्या तारेला तो म्हणाला होता, "मर्दा, तुझी आई वर्षाला एकदा गंभीर हुतीया आणि तू गेलास की खडखडीत बरी हुतीया. तुला डॉक्टरच कराय पायजे."

म्हणून त्या वर्षी मी थोरल्या भावाला पत्रातून कळवलं, की यात्रेच्या आधी आठ दिवस तार कर, पण आईचं नाव नको. बायको गंभीर आहे असं कर. मजकूर मीच लिहून पाठवला. 'पत्नी गंभीर, ताबडतोब या.' हे शब्द माझे आहेत.

यात्रेला यायचा आग्रह धरला होता तो बायकोनंच. तिची पत्रं मला पोस्टमनच्या अक्षरात येत. तिला लिहिता येत नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांना येत नव्हतं. पोस्टमन टपाल वाटून झालं की देवळाच्या ओवरीत बसायचा आणि बायका पाळीपाळीनं त्याला सांगून पत्रं लिहून घ्यायच्या. आलेली वाचूनही तोच दाखवायचा. तो माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, बारीक, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवलेला. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. एखादा शब्द बाई सांगताना अडखळली तर तो तिथे थोडी मोकळी जागा सोडायचा, स्वतःचा शब्द घालायचा नाही. तिच्या शेवटच्या पत्रात अशा तीन मोकळ्या जागा होत्या. 'यात्रेला यावे. गाडीत मी तुमच्या शेजारी बसणार' आणि पुढे मोकळी जागा. 'आईंना चालत नसेल तरी' आणि पुन्हा मोकळी जागा. पलटणीत मी त्या जागांकडे बघत बसायचो. तीन वर्षांच्या संसारात मी तिच्याजवळ सगळे मिळून पाच महिने राहिलो असेन. बाकी प्रेम म्हणून जे काही होतं ते पोस्टमनच्या हातून गेलं आणि आलं.

भावाला पत्र गेल्यावर दहा दिवसांनी माझं नाव प्रमोशनच्या कॅडरसाठी लागलं. कॅडर म्हणजे दोन महिन्यांचं प्रशिक्षण. ते पार पडलं की हाताला पट्टी वाढते. ते सोडलं तर पुढचा नंबर कधी लागेल ते सांगता येत नाही. मी भावाला लगेच दुसरं पत्र टाकलं, की तार करू नकोस, यंदा येत नाही. तिला वेगळं काही लिहिलं नाही. भाऊ सांगेल असं धरून चाललो.

सोमवारी दुपारी भावानं तार दिली. ती तालुक्याच्या तार ऑफिसातून करावी लागे. पोस्टमन रोज सायकलवरून तालुक्याला टपालाची थैली आणायला जाई. भावानं मजकूर त्याच्याजवळ दिला, त्यानं तो नेऊन तार केली, आणि मंगळवारी साडेदहाला परेड सुटल्यावर ती माझ्या हातात आली. 'पत्नी गंभीर, ताबडतोब या.' माझेच शब्द, ठरल्या दिवसांच्या आसपास.

मला वाटलं, भावाला दुसरं पत्र मिळालेलं दिसत नाही.

ती खोटी आहे की खरी, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नाही असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. आला होता. तार घेऊन मी पाण्याच्या टाकीपाशी अर्धा तास उभा होतो. खरी असती तर भावानं दुसरे शब्द वापरले असते, असा मी विचार केला. दुसरे कुठले, हे मला आजही सुचत नाही. मग मी सुभेदार साहेबांकडे गेलो. ते आमच्याच बाजूचे, म्हसवडचे. मी म्हणालो, "साहेब, घरून तार आलीया, पण ती यात्रेची हाय. मीच मागवली हुती. मला कॅडर सोडायची न्हाई."

साहेब हसले. "गड्या, पंचवीस वर्सांत तार खोटी हाय म्हणून सांगणारा तू पयलाच. जा, कॅडर कर."

मला बरं वाटलं. खरं बोलल्याबद्दल शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. हे मुद्दाम लिहितो.

तिला कावीळ झाली होती. आधी झाडपाला झाला, मग ती सातारच्या दवाखान्यात. शुक्रवारी दुपारी ती गेली. शनिवारी सकाळी दुसरी तार आली. या तारेचा मजकूर मी लिहून दिलेला नव्हता. मी निघालो आणि सोमवारी संध्याकाळी गावात पोचलो. मंगळवारीच निघालो असतो तर गुरुवारी संध्याकाळी पोचलो असतो. एक रात्र आणि अर्धा दिवस मिळाला असता. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. गुरुवारपर्यंत ती शुद्धीवर होती आणि दारात कोणी आलं की मान वळवून बघत होती, असं वहिनीनं नंतर सांगितलं.

मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊ उठून आला. त्यानं माझी ट्रंक घेतली नाही, गळ्यात पडला नाही. एवढंच विचारलं, "तार कवा मिळाली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आई बघत होती.

"शुक्रवारी सांजच्याला," मी म्हणालो. "रजा मंजूर हुईस्तवर दुसरी आली."

भावानं मान फिरवली आणि कोपऱ्यात बसलेल्या पोस्टमनकडे बघितलं. बास. त्यापुढे मला काहीच करावं लागलं नाही.

पोस्टमन म्हणाला, "मी सोमवारीच केली की. पावती दिली नव्हं तुमास्नी." पावती दवाखान्याच्या धावपळीत कुठे गेली कुणास ठाऊक. तो दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन तार ऑफिसातून तसं लिहून घेऊन आला. ते बघून आमचे चुलते म्हणाले, "त्येंचीच माणसं, त्येंचंच हापीस. तीन दिस पिशवीत तार घेऊन हिंडला आसंल आन आता कागूद दावतुया." मी तिथेच बसलो होतो. तार माझ्या ट्रंकेत, वर्दीच्या खिशात होती. तिच्यावर दिल्याची आणि मिळाल्याची अशा दोन्ही वेळा छापलेल्या होत्या.

बायका ओवरीत जाईनाशा झाल्या. लग्नाच्या पत्रिका त्याच्या दारात जाईनाशा झाल्या. दोन वर्षांनी त्यानं बदली मागून घेतली आणि आटपाडीच्या बाजूला गेला. तिकडे वीस-वीस मैलांत झाड नाही. निवृत्त झाल्यावर परत आला, कारण घर इथे होतं. मी रस्त्यात भेटलो तर तो सायकलवरून उतरून उभा राहायचा. मी मान हलवून पुढे जायचो. गाव म्हणायचं, बघा, केवढं मोठं मन आहे आबाचं, एका शब्दानं बोलला नाही त्याला कधी.

आता पिक्चरकडे येतो.

सांगलीच्या मुलीनं माझी गोष्ट ऐकून वहीत उतरवली आणि विचारलं, "ती तार आहे का हो तुमच्याकडे?"

"न्हाई," मी म्हणालो. "कवाच हरवली." ट्रंक तिच्या खुर्चीपासून चार पावलांवर होती. पुढे त्यांनी जुन्या नमुन्यावरून दुसरी तार छापून आणली आणि चहाच्या पाण्यात भिजवून पिवळी केली.

शूटिंग बावीस दिवस चाललं. माणसं सगळी मिळून नऊ, कॅमेरा एक. आवाज जागेवरच घ्यायचा होता, म्हणून आवाज घेणारा हातात काठीला बांधलेला माइक घेऊन सगळ्यांच्या पाया पडत फिरायचा. मोटार बंद करा, मिक्सर बंद करा. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी बंद करायला साफ नकार दिला. पारावर रोज चौकशी व्हायची.

"हिरो कोण हाय?"

"आपला आबा."

"आन हिरॉईन?"

"ती वारली."

"मारामारी?"

"न्हाई."

"गाणी तरी?"

"न्हाईत."

"म्हंजी नुसती माणसं गप बसल्याली दाखवणार? मग आमच्या घरात लावा की क्यामेरा. चार वर्सं झाली बायको बोलत न्हाई."

माझ्या तरुणपणाचं काम एका पोरानं केलं, तिचं काम साताऱ्याच्या एका नटीनं. नटीला भाकरी येत नव्हती. आमच्या सुनेनं शिकवली. एके दिवशी ती पडवीत पाठमोरी बसून थापत होती, डाव्या खांद्यावरचा पदर घसरत होता आणि ती कोपरानं वर सारत होती. सुनेनं हे शिकवलेलं नव्हतं. माझी बायकोही कोपरानंच सारायची. मी मळ्यात निघून गेलो. मुलीनं कुणालाही माझ्या मागे पाठवलं नाही. तेवढं तिला कळत होतं.

पोस्टमनच्या कामासाठी ती पोस्टमनच्याच मुलाकडे गेली. त्याचं एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा काढून देतो, फॉर्म भरतो. वय पन्नाशीचं, चेहरा हुबेहूब बापाचा. बाप जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मला वाटलं तो तिला दुकानातून हाकलेल. तो हो म्हणाला. बापाची सायकल माळ्यावरून काढून, तेलपाणी करून घेऊन आला.

पहिल्या अर्ध्या पिक्चरमध्ये तो ओवरीत बसून बायकांची पत्रं लिहितो, सायकलवरून बांधाबांधानं जातो. ते फार चांगलं झालंय. मग तो तार पिशवीत विसरतो. आणि शेवटी, पुष्कळ वर्षांनी, पोस्टमनचा मुलगा म्हाताऱ्या फौजीकडे बापाच्या वतीनं माफी मागायला येतो. हा भाग मुलीनं स्वतः लिहिलेला. तिथे तिला नट नको होते. मुलाचं कामही तोच करणार, म्हाताऱ्याचं मी. तो दारात येऊन हात जोडणार, मी उठून त्याला पाण्याचा तांब्या देणार आणि म्हणणार, "मी मनात ठिवलं न्हाई."

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

पहिल्या वेळी ट्रॅक्टर गेला. दुसऱ्या वेळी शेळी आली. तिसऱ्या वेळी मी तांब्या सांडला. चौथ्या आणि पाचव्या वेळी काय चुकलं ते मला सांगितलं नाही. सहाव्या वेळी तो खरंच रडायला लागला आणि त्याचं वाक्य गेलं. सातवी वेळ पिक्चरमध्ये आहे. सात वेळा त्यानं हात जोडले आणि सात वेळा मी त्याला माफ केलं. काम संपल्यावर तो तांब्या परत द्यायला आला आणि हळूच म्हणाला, "आबा, पिक्चरचं जाऊ द्या. खरंच मनात न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. ती आठवी वेळ.

पिक्चर पुण्याला दाखवला, बाहेर कुठे कुठे दाखवला. मग सांगलीला एका हॉलमध्ये दाखवला, तिथे मला नेलं. संपल्यावर दिवे लागले आणि लोक प्रश्न विचारायला लागले. मागून एक बाई उठल्या. साध्या, शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात. म्हणाल्या, "माझे पती साथीत गेले. दिरांनी गाडी आणायला उशीर केला म्हणून मी त्यांच्याशी बोलत नाही. आज या आजोबांना बघितलं आणि वाटलं, आपण कशाला धरून बसलोय. मी आज घरी जाऊन त्यांना फोन करणार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेली आमची पिक्चरवाली मुलगी डोळे पुसत होती. तिला तिच्या माणसाची आठवण आली असेल.

त्या बाईंनी फोन केला असेल तर चांगलंच झालं. त्यांच्या बाबतीत ती क्षमा खरी ठरली असेल. माझ्याकडे ती नव्हतीच. क्षमा मी मागायची होती, आणि टाळ्या मी घेतल्या.

गाडीत बसल्यावर मी मुलीला सांगितलं. सांगलीपासून आमच्या फाट्यापर्यंत तासाभराचा रस्ता आहे, तेवढ्यात सगळं सांगून झालं. ती गाडी चालवत होती. फाट्यावर तिनं गाडी बाजूला घेतली.

"ट्रंक माझ्या खुर्चीमागे होती," ती म्हणाली.

"व्हय."

"बावीस दिवस."

"व्हय."

"तुम्ही तेव्हाच दाखवली असती तर वेगळा पिक्चर झाला असता, आजोबा. याच्यापेक्षा चांगला." मग म्हणाली, "आता माझा पिक्चर खोटा झाला का?"

"तुझा न्हाई, पोरी. माझं काम खोटं झालं."

ती हसली नाही. म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुमच्या गावात दाखवायचाय. त्याच्या आधी काय ते तुम्ही ठरवा. मी कॅमेरा घेऊन येणार नाही." हे तिनं वर आणि का सांगितलं, ते मला घरी गेल्यावर कळलं. आणला असता तर मी कॅमेऱ्यासाठी बोललो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तार घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो. एक माणूस सातबाऱ्यासाठी थांबला होता.

"या आबा. किती काढू?"

"काढू नगंस. वाच."

त्यानं चष्मा लावला. तार घडीवर विरली होती, पण शिक्का स्पष्ट होता. त्यानं तारीख वाचली. मग भिंतीकडे बघत बोटांवर मागे मोजलं. ती गेली ती तारीख त्याला पाठ होती, पिक्चरमुळे सगळ्या गावालाच झाली होती. पुन्हा तार वाचली. मग थांबलेल्या माणसाला म्हणाला, "दुपारी या. लाईट गेलीया."

त्या माणसानं वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि तो निघून गेला.

मी सगळं सांगितलं. यात्रा, कॅडर, पाण्याची टाकी, म्हसवडचे साहेब. तो ऐकत होता आणि मध्येच त्यानं मशीन बंद केलं.

"सात येळा माफ केलंसा मला," तो म्हणाला. "सात येळा."

"व्हय."

"आण्णा जायच्या आधी महिनाभर काय म्हणत हुते, ठावं हाय? म्हणायचे, आरं, माझ्याच पिशवीत ऱ्हायली आसंल. मला आठवतंय मी केली म्हणून, पण सगळं गाव खोटं कसं बोलंल? माझंच चुकलं आसंल. तू जाऊन आबाची माफी माग. म्हणून मी त्या पिक्चरला हो म्हणलो."

मला हे ठाऊक नव्हतं. मी समजत होतो की त्याला निदान स्वतःचं खरं माहीत आहे आणि तेवढ्यावर तो जगत असेल. तेही मी त्याच्याजवळ ठेवलं नव्हतं.

मी म्हणालो, "पिक्चर गावात दाखवू नगा म्हण. ती पोरगी ऐकंल."

"का म्हणून?" तो पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. "निम्म्या पिक्चरमधी आण्णा हायत. त्येंची सायकल हाय, त्ये पत्रं लिव्हत्यात. दाखवायचा. पण माझं हात जोडायचं यायच्या आधी पिक्चर थांबवायचा आन तुमी उठून बोलायचं. माझ्या आईला फुडं बसवणार हाय मी." मग त्यानं मशीन परत चालू केलं, तार काचेवर ठेवली, एक प्रत काढली आणि ती माझ्या हातात दिली. असल त्यानं ठेवून घेतली. माझ्यासमोरच लॅमिनेशन केलं.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी पिक्चर लावला. खिडक्यांना ताडपत्र्या बांधल्या होत्या. पांढरा पडदा, समोर सतरंज्या, मागे खुर्च्या. सगळा गाव आलेला. पोस्टमनची बायको पुढच्या खुर्चीत, ऐंशीच्या पुढची, डोळ्याला जाड भिंगं. पडद्यावर तिचा मुलगा सायकलवरून बांधावर येतो तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

मग मुलीनं पिक्चर थांबवला. मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. फार वेळ लागला नाही. या लेखातलं निम्मंसुद्धा बोललो नाही. तार मंगळवारी मिळाली, पोस्टमननं ती सोमवारीच केली होती, मी गेलो नाही, आणि नंतर खोटं बोललो. पोस्टमनच्या मुलानं लॅमिनेशन केलेली तार पहिल्या रांगेत दिली आणि ती हातोहात मागे गेली. माझा धाकटा मुलगा दाराशी उभा होता. तो बाहेर गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा की."

पोस्टमनच्या बायकोनं विचारलं, "सोमवारीच केली हुती न्हवं त्यांनी?"

"सोमवारीच, वहिनी."

"मी बी इस्वास ठिवला न्हाई," ती म्हणाली. माझ्याशी नाही, शेजारणीशी. "चार मानसांत म्हणायची, त्येंनी केली म्हणून. पर घरात इचारायची. जेवताना इचारायची, खरं सांगा म्हणून. आटपाडीला बी इचारायची."

शेजारणीनं तिचा हात धरला. मी तिथेच उभा होतो. बोलायचं संपलं होतं आणि कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं.

म्हातारी मुलीकडे वळली. "बाय, त्ये सायकलवरचं परत लाव. हात जोडायचं ऱ्हाऊ दे."

मुलीनं पिक्चर मागे नेला. बांध, ऊस आणि सायकल माझ्या शर्टावर आली. दिव्यानं माझे डोळे दिपले.

"आबा," पुढून कोणीतरी म्हणालं, "बाजूला व्हा. तिला दिसंना."

मी बाजूला झालो.

पिक्चर अजून कुठे कुठे दाखवतात, आणि तिथे मी त्याला अजून माफ करतो. त्या लोकांसाठी हे लिहिलं आहे.